झुडपातला जर्मन

माय, माझ्या लेकाची लेक परवा एस्टोनियाला गेली. तू तिला पाहिलं नाहीस. ती जन्मली तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती. विमानतळावर सगळ्यांच्या पाया पडली आणि मागं न बघता आत गेली, तुझ्यासारखीच ताठ. आता मनीषनगरच्या या घरात दुपारचं फक्त कुकर आणि मी, दोघंच आवाज करतो. म्हणून बाल्कनीत बसून हे लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे मला. पेपर मीच वाचून दाखवायचो, आणि वाचता वाचता छापलेल्या 'ला'चं 'ले' करत जायचो, म्हणजे मंत्र्याचं भाषणसुद्धा तुला कळमेश्वरकडच्या आपल्या गावातल्या कोणी केल्यासारखं वाटायचं. तू म्हणायचीस, हा मंत्री आपल्याकडचा दिसते. तेव्हा ते किती सहज जमायचं.

तू असतीस तर पहिलं विचारलं असतंस, तिथं ज्वारी होते का. होत नाही, माय. राय नावाचं एक धान्य होतं, त्याची काळी भाकर खातात. रशियाच्या कडेला, समुद्राला लागून, मोठ्या पोळीचा काठ तुटून पडावा एवढा तो देश. सगळी माणसं गोळा केली तरी आपलं नागपूर जेमतेम निम्मं भरेल. पोरगी कुठं जाते आहे ते कळायला हवं म्हणून मी महिनाभर वाचत होतो. चौथीत शाळा सुटली आणि गांधीबागेतल्या दुकानात कापडाचे तागे उलगडता उलगडता वाचायला लागलो, ती सवय काही जात नाही.

त्या लोकांचं नशीब मोठं नवलाचं. एका काळी डेन्मार्कच्या राजानं त्यांचा अर्धा मुलूख जर्मन सरदारांना विकून टाकला, बाजारात बैलजोडी विकावी तसा. पुढं स्वीडनचा राजा आला, मग रशियाचा झार. राजे बदलले, पण जमिनीचे मालक जर्मनच राहिले आणि नांगर धरणारे हेच. कोणाची म्हैस आणि कोणाला उठाबस. स्वतःला ते 'मातीची माणसं' म्हणायचे, दुसरं नावच नव्हतं त्यांना. तार्तू नावाच्या गावात स्वीडनच्या राजानं विद्यापीठ काढलं, आपल्या शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आसपास. पण ते विद्यापीठ त्यांच्या गावात असून त्यांचं नव्हतं. आधी लॅटिन, मग जर्मन, मग रशियन. घरची भाषा सोडून सगळ्या भाषांत तिथं शिकवलं. शेतकऱ्याचा एखादा पोरगा हुशार निघून तिथवर पोचलाच, तर बाहेर येताना जर्मन होऊन यायचा. मायबापाशी बोलायला त्याला लाज वाटायची.

हे शेवटचं पोरीनं जेवताना सांगितलं आणि वर म्हणाली, 'आबाजी, अशा माणसासाठी त्यांच्याकडे एक शब्द आहे. कडाकासाक्स.' तिकडे सुयांसारख्या पानांचं एक झुडूप असतं, त्याचं नाव कडाकस. साक्स म्हणजे जर्मन. झुडपातला जर्मन. गावातून उठून आलेला, मोडकंतोडकं जर्मन बोलून साहेब झालेला, अर्ध्या हळकुंडानं पिवळा. खरे जर्मन त्याला हसायचे आणि गाववालेही हसायचे. आमच्या टेबलावरही सगळे हसले. मीही हसलो, आणि तसाच घास तोंडात धरून बसलो. कारण मला आपल्या गांधीबागेमागच्या त्या दोन खोल्या दिसल्या, आणि चुलीपुढं बसून सांबार, पुस्तकातली कोथिंबीर, चिरणारी तू.

प्रोफेसर आणि त्यांची बायको यायचे होते त्या दिवशी. वाचनालयात ओळख झाली होती. कापडाच्या दुकानातला माणूस एवढं वाचतो याचं त्यांना कौतुक, आणि त्यांना आपलं कौतुक आहे याचं मला कौतुक. तू सांबारवडीचा बेत केलास. मी तुला पढवायला बसलो. माय, 'मले' नको म्हणू, 'मला' म्हण. 'पानी' नाही, 'पाणी'. तू शहाण्या मुलीसारखी मान हलवत होतीस. सांबार चिरता चिरता पुटपुटत होतीस, पाणी, पाणी. तुझ्या डोक्यात बरोबर हिशेब बसला होता: शहरातले लोक 'न' म्हणत नाहीत, 'ण' म्हणतात. मी फक्त पाण्याचं सांगितलं होतं. पुढचं तू स्वतःच्या अकलेनं केलंस.

पाहुणे बसले. तू पदर सावरून पुढं आलीस, बशा ठेवल्यास, आणि इतक्या हौसेनं म्हणालीस, 'तुम्ही आले, माझं मण भरून आलं.'

'किती मण, आजी?' प्रोफेसरांची बायको म्हणाली. वाईट नव्हती ती, थट्टेखोर होती. ती हसली, प्रोफेसर हसले. मी त्या दोघांपेक्षा मोठ्यानं हसलो. मला दाखवायचं होतं की मला विनोद कळला, मी तुमच्या बाजूच्या सतरंजीवर आहे. तूही हसलीस, सगळे हसतात म्हणून.

ते गेल्यावर बशा विसळताना तू विचारलंस, 'काहून हासले गा ते?' का हसले ते तेव्हा सांगता आलं असतं. मण आणि मन, एवढीच तर गोष्ट होती, तुलाही हसू आलं असतं. मी म्हणालो, 'काही नाही माय. तू पाहुण्यांसमोर बोलत नको जाऊ.' तू 'बरं' म्हणालीस आणि शब्द पाळलास. त्यानंतर घरी कोणी आलं की तू ताट ठेवायचीस, हात जोडायचीस आणि आत जायचीस. लोक मला म्हणायचे, तुमच्या आई फार कमी बोलतात. मी म्हणायचो, हो, स्वभावच तसा आहे.

पोरीचा शब्द ऐकल्यावर आधी मला वाटलं, तो तुलाच लागू पडतो, मोडकं बोलून हसं झालेली तू. दोन दिवस तो शब्द चघळत होतो. मग कळलं. तू तर पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून बोललीस. झुडपातला जर्मन मी होतो.

त्या लोकांनी पुढं काय केलं ठाऊक आहे? देश हाती आल्याबरोबर तार्तूच्या विद्यापीठात आपली बोली आणून बसवली. शिकवायला आपली माणसं पुरेनात, तर शेजारच्या फिनलंडमधून, स्वीडनमधून मास्तर आणले. विज्ञानाला शब्द नव्हते, ते घडवले. पुन्हा रशियानं गिळलं, तरी मोठ्या शाळेत ती बोली टिकवली. आणि आज, त्यांच्या भाषेत पूर्ण वेळ शिकणाऱ्याकडून सहसा फी घेत नाहीत. शेणामातीची भाषा म्हणून जिला हसले, तिच्यात आता डॉक्टर तयार होतात.

पोरगी तिथं भाषाशास्त्र शिकणार आहे. तिथल्या मास्तरांनी सांगितलंय, घरातलं सर्वांत जुनं बोलणं मिनिटभर रेकॉर्ड करून आणा. निघायच्या आधी माझ्यासमोर मोबाईल धरून बसली. 'आबाजी, तुमची माय बोलायची तसं बोला.' मी घसा खाकरला आणि सुरू केलं, मले, तुले, जाऊन राहिलो, येऊन राहिलो. तिनं थोडं ऐकलं आणि हळूच म्हणाली, 'आबाजी, हे तर तुम्ही नक्कल करून राहिले.' खरं होतं. नाटकात गावंढळ माणूस बोलतो तसं येत होतं. इतकी वर्षं जीभ इस्त्री करून ठेवली, आता चुणी पडता पडत नव्हती. ती म्हणाली, जाऊ द्या, दुसऱ्या कोणाचं घेते. तिचा चेहरा पडला होता.

मी डोळे मिटले. दुसरं काही आठवेना, तेवढंच आठवलं. म्हणालो, 'काहून हासले गा ते?' आवाज माझा, माय, पण हेल तुझा होता, बशी विसळण्याच्या आवाजासकट. पोरीनं मोबाईल तसाच धरून ठेवला. मग विचारलं, 'कोण हासले होते, आबाजी?'

'पाहुणे,' मी म्हणालो.

ते तसंच रेकॉर्ड झालं आणि तिच्याबरोबर तार्तूला गेलं. तिथले मास्तर अर्थ विचारतील, आणि ती सांगेल की पाहुणे हसले होते. माझा मोबाईल इथंच चष्म्याच्या डबीजवळ आहे. तिला एवढंच कळवायचं आहे की त्या हसण्यात मीही होतो. हे सगळं तुला लिहून झालं, तिला मात्र अजून कळवलं नाही.