मांडवात लावायचा फोटो

४ मे
दुपारी स्टुडिओ बंद करून कॅमेरा घेऊन परत सांगली स्टँडवर. तिथे झोपणारे आता मला ओळखतात. म्हणजे दिसले की तोंड फिरवतात. पाण्याच्या टाकीजवळचा म्हातारा अंगावरच आला. "फोटू कशाला? तुज्या बापाचा काड जा." म्हटलं, बाप नाही मला. "मग मीबी न्हाई असं समज." नाव मात्र सांगितलं, सर्जेराव. गावही, कराडकडचं. मग काय वाटलं कोण जाणे, सरळ लेन्समध्ये बघितलं. असा चेहरा वर्षात एखादाच.

५ मे
स्टेटसला टाकला, नाव-गावासकट. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर शिव्या.

७ मे
सकाळी सकाळी फोन. सर्जेरावांचा धाकटा भाऊ. "आवं मॅडम, त्यो फोटू आधी काडून टाका." मागे नदीच्या घाटावर सर्जेरावांच्या चपला सापडल्या, प्रेत नाही. मग घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून जाळला, तेराव्यापर्यंत सगळं उरकलं. "दिवस घातल्याला मानूस घरात घ्याचा कसा? रविवारी त्याच्या पोरीचं लगीन हाय. पत्रिकंत कैलासवासी छापलंय." म्हटलं, मग पत्रिका बदला. "तुमचं काय जातंय बोलाया?" फोन आपटला मी. फोटो डिलीट केला तरी. का केला? दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत होते.

८ मे
म्हाताऱ्याला चपलांचं विचारलं. "भावासंगं भांडून निघालो. पान्यात जायाचं धाडस झालं न्हाई. गावात जायाचं त्याहून न्हाई." लग्नाचं सांगायला जीभ रेटली नाही.

९ मे
सर्जेरावांची बायको आली स्टुडिओत, एकटीच, एस.टी.ने. कपाळ मोकळं. म्हटलं चला, स्टँड जवळच आहे. उठेना. "बघून काय करू ताई? पोरीच्या सासरला कळलं तर मोडंल." मग मोबाईल पुढे केला. माझाच फोटो, कुणीतरी पाठवलेला. "ह्यो मोटा करून द्या. घरात त्यांचा धड फोटू न्हाई. मांडवात हार घालाया पायजे." बोलताना बोट त्याच्या गालावरून फिरत होतं. अशी चीड आली! म्हटलं, जिवंत माणसाला हार घालायचा धंदा मी करत नाही. रडली नाही ती. काउंटरवर नंबर लिहून ठेवला आणि गेली.

१० मे
सकाळीच म्हाताऱ्याला सगळं सांगून टाकलं. वाटलं शिव्या घालेल. दाढीवरून हात फिरवत राहिला. "पोरीच्या लग्नात असला दिसू व्हय? चल, दाढी करून काड."
माझं डोकंच फिरलं. भर स्टँडवर ओरडले, अहो, तुम्ही जिवंत आहात!
"म्हून तर फोटूला बसतोय."
सलूनमध्ये दाढी केली. टोपी मागितली, दिली. पडद्यापुढे पासपोर्टवाल्यांसारखा ताठ बसला. मी त्याच्यावर चिडलेली, त्या भावावर चिडलेली, तिच्यावर तर जास्तच, आणि फोकस हलत होता. बायकोला फोन केला. उद्या लवकर येते म्हणाली, फ्रेम न्यायला.
निघताना दारात थांबला. "कार्यालय कुठलं?"
कराडजवळच्या मलकापूरचं, बायकोनेच फोनवर सांगितलेलं. सांगून बसले.
संध्याकाळी स्टँडवर जाऊन आले. टाकीजवळ त्याचं बोचकं नाही. कराडची गाडी मघाशीच गेली म्हणे. फ्रेम इथे काउंटरवर आहे, तिला द्यायची की नाही…