चार हजारांचा सूर

सोमवार, ४ मार्च

अंग मोडून आलंय. आज अकरा तपासण्या! त्यात दोन चक्करवाले – एकाला खांदा देऊन खुर्चीत बसवलं, दुसऱ्याने आत शिरता शिरताच बादली मागितली. संध्याकाळी कंबर विचारत होती, बाई गं, तुझं वय काय?

निवृत्त होऊन वर्ष झालं. जाते म्हटलं की डॉक्टरबाई हात धरतात. "मावशी, हा रोग्यांवरचा अभ्यास संपेपर्यंत तरी नाही. तुमचा कान म्हणजे आमचा काटा." काटा तर काटा. रोज पहिला रोगी यायच्या आधी मी आवाजबंद खोलीत बसते, हेडफोन लावते, एकेक सूर ऐकते, अडीचशे कंपनांच्या जाड सुरापासून आठ हजारांच्या बारीक सुरापर्यंत. माझ्या ठरलेल्या आकड्यावर, म्हणजे नेहमीच्याच हलक्या आवाजात, सगळे सूर आले की वहीत "ठीक" – मगच दिवस सुरू. फरशी पुसायला आले होते इथे. मशीनची पुस्तिका अक्षर अक्षर लावत वाचली, तिचा फडशा पाडला, आणि एकवीस वर्षं झाली, कान तपासतेय. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण सूर चुकवला नाही कधी.

मंगळवार, ५ मार्च

डावीकडे चार हजारांचा सूर आला नाही. पुन्हा लावला. नाही.

सर्दी असेल. वहीत "ठीक" लिहिलं.

बुधवार, ६ मार्च

सर्दी नाही. सूरही नाही. "ठीक."

शनिवार, ९ मार्च

आज ह्यांच्याशी वाजलं. मी बातम्या लावल्या होत्या. हे स्वयंपाकघरातून ओरडले, "अगं, शेजाऱ्यांनाही सांगायच्या आहेत का बातम्या?" मी म्हटलं, इतका काही मोठा नाही आवाज. तर म्हणाले, "दवाखान्यात कानांची शहाणी, घरात बहिरी!" आणि हसले. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले.

डावा गेला माझा. एकसष्ट पुरी झाली, जायचाच. पण आत्ता? अभ्यासाच्या मध्यावर? कान नसलेल्या मावशीला तिथे कोण ठेवेल, आणि कशाला! घरी बसायचं म्हणजे चार भिंती, आणि हे, आणि ह्यांची शब्दकोडी.

सूर किती वाढवल्यावर ऐकू येतो, तेही पाहत नाही मी. मनात चोर. नसता आकडा समोर येईल.

गुरुवार, १४ मार्च

आज बरं वाटलं जरा. शिंपी आला होता दुसऱ्या तपासणीला. अभ्यासात चोवीस जण आहेत, सगळे डाव्या कानात सतत आवाज असलेले. डाव्या कानात एक इवलंसं यंत्र घालायचं, ते बारीक शूऽऽ करत राहतं, मग आतला आवाज बोथट होतो म्हणे. शिंप्याने त्याचं नाव ठेवलं "बटण", आता डॉक्टरबाईसुद्धा बटणच म्हणतात.

तीन महिन्यांपूर्वी हाच माणूस माझ्यासमोर रडला होता. "कानात शिलाई मशीन चालू आहे मावशी, पाय काढला तरी थांबत नाही." चार वर्षं! आज दारातूनच ओरडला, "मावशी, काल मला बायकोचं घोरणं ऐकू आलं!"

"मग काय, उठवलंस तिला?"

"छे हो! ऐकत पडलो. किती गोड घोरते!"

पोट धरून हसलो दोघं. मग तपासणी केली. डावा कान चार हजारांवर वीसने उतरलेला, म्हणजे सूर वीस डेसिबल मोठा केला तेव्हा कुठे ऐकू आला. मी आलेख काढला, फायलीत लावला. त्याचा अर्थ सांगणं माझं काम नाही.

शुक्रवार, २२ मार्च

डॉक्टरबाई आज टेबलावर आलेख पसरून बसल्या होत्या. दुसरी तपासणी झालेले सात जण, सातही जणांचा डावा कान उतरलेला. उजवे जिथल्या तिथे. दोन वर्षांची मेहनत आहे त्यांची. चेहरा पार उतरला होता.

"मावशी, मशीन रोज तपासता ना?"

"हो बाई."

"डावी बाजू?"

"वही बघा ना."

वही पाहिली त्यांनी. बोट फिरवत गेल्या – ठीक, ठीक, ठीक. "तुमचं ठीक म्हणजे ठीकच," म्हणाल्या. वही मिटली. "म्हणजे बटणच कान खातंय."

मी कपबशा उचलल्या आणि बाहेर आले. उद्या रजा घ्यावी का?

सोमवार, १ एप्रिल

अभ्यास थांबवला. चोवीसही जणांना बोलावून बटणं परत घेतली. डॉक्टरबाई प्रत्येकाला स्वतः सांगत होत्या – आराम पडतोय हे खरं, पण ऐकू येणं कमी होतंय, मी ही जोखीम घेऊ शकत नाही.

शिंप्याने बटण काढून डबीत ठेवलं. डबीचं झाकण दोनदा लावून पाहिलं. मला म्हणाला, "म्हणजे आता ते पुन्हा सुरू होणार ना?" मी काय सांगू! त्याने कानावर तळहात दाबला आणि तसाच जिना उतरला.

बुधवार, ३ एप्रिल

ताट अर्धं टाकून उठले. हे विचारतात, कुणी काही बोललं का. कुणीच काही बोललेलं नाही, हीच तर पंचाईत आहे.

शनिवार, ६ एप्रिल

आज एक बसचालक आला. अभ्यासातला नाही. चक्कर येते, गाडी चालवता येईल का याचा कागद हवा होता. गेल्या वर्षीही इथेच तपासलेला. त्याचा आलेख काढला आणि गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवला. डावा, चार हजार, वीसने खाली! याने तर बटण डोळ्यांनीही पाहिलेलं नाही!

त्याला बाहेर बसवलं. सातही जणांचे आलेख काढले. कुणाचा वीस, कुणाचा वीस, कुणाचा पंचवीस. माणसांचे कान असे रांगेत उभे राहून बिघडत नाहीत!

मग जे महिनाभर टाळलं ते केलं. आत बसले, हेडफोन उलटा घातला – डावी बाजू माझ्या उजव्या कानावर. तो कान तर शाबूत. चार हजार लावला, माझ्या आकड्यावर.

नाही आला. वीसने वाढवला – आला!

अगं बाई! कान नाही, हेडफोन गेलाय! हेडफोन!! हसू आलं, रडू आलं. बसचालक दाराची काच ठोकून विचारत होता, "मावशी, बऱ्या आहात ना?" बरी कसली, वेडी!

बाहेर आले तेव्हा समोर वही होती. पाच तारखेपासून रोज एक "ठीक".

रविवार, ७ एप्रिल

ह्यांना सांगितलं सगळं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "अगं, मग सांग ना, कालच बिघडला म्हणून. कुणाला कळतंय?"

ह्यांची माया कळते मला. पण कालच बिघडला म्हटलं, तर ते सात आलेख खरे ठरतात. बटण कायमचं बदनाम. आणि शिंप्याच्या कानात ते मशीन चालूच. तारीख सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. तारीख म्हणजे मी.

सोमवार, ८ एप्रिल

सांगितलं. उभ्यानेच.

"बाई, डावा हेडफोन पाच मार्चपासून खराब आहे. मला सूर येत नव्हता. वाटलं कान गेला. म्हणून खोटं लिहिलं."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. काच पुसून परत लावला. "मी तुम्हाला समोरासमोर विचारलं होतं, मावशी."

"हो."

"तुम्ही म्हणालात वही बघा."

"हो."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "खोली बंद करा. सातही जणांना वरच्या मजल्यावरच्या मशीनवर तपासते. मी स्वतः."

गुरुवार, ११ एप्रिल

सातही जणांचे कान जसेच्या तसे. एका आकड्याचाही फरक नाही. बटणं परत वाटली.

शिंप्याला मीच सांगितलं, चूक माझी होती. वाटलं, हसेल, काहीतरी थट्टा करेल. हसला नाही. "दहा रात्री," एवढंच म्हणाला. डोळे लाल. चहा पुढे केला, घेतला नाही. बटण घातलं आणि जिन्याच्या पायरीवर डोळे मिटून बसला. मी दारात उभी. अर्ध्या तासाने उठून गेला. माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचं बरोबर आहे.

शुक्रवार, १२ एप्रिल

नवा हेडफोन सोमवारी येतोय. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वयाने चूक झाली असती तर घरी बसवलं असतं. भीतीने झाली. कान शाबूत आहेत ना? मग या. पण वही खरी हवी." मी मान डोलावली. घरी आल्यावर ह्यांना दोनदा सांगितलं – कान शाबूत आहेत म्हणाल्या!

सोमवार, १५ एप्रिल

नवा हेडफोन. उजवीकडे सगळे सूर आले. डावीकडे चार हजारांचा आला नाही. हेडफोन उलटा घातला. डावी बाजू उजव्या कानावर – स्वच्छ आला. उजवी बाजू डाव्या कानावर – नाही. त्या दिवशी हे दुसरं पाहायचं राहूनच गेलं होतं, आनंदात.

वहीत लिहिलं: "मशीन ठीक. मावशीचा डावा कान ठीक नाही." सही केली, आणि वही उघडीच डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवून आले.