तुझी कावीळ

माय, तुझ्या आजाराचं नाव मी परवा पहिल्यांदा तोंडातून काढलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात, नर्सबाईंपुढे. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट, मला वाटलं होतं छत तरी कोसळेल. कोसळलं नाही.

त्या वर्षी धानाच्या रोवण्याचे दिवस होते. तू बांधीतून आलेली, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाचे. चुलीपुढे बसून तू माझा हात धरतेस आणि छातीवर ठेवतेस. आत सुपारीएवढं काहीतरी कडक लागतं. मी चौदा वर्षांची, मला काय कळणार! "दुखते का वं?" एवढंच विचारते. "दुखून नाई राहिलं, तं कायचं भेव? रोवना होऊ दे," तू म्हणतेस. मग मी हळद-चुन्याचा लेप कालवून लावते. रोवणा आटोपला, धान कापून झालं, तरी लेप सुरूच होता. एकदा मी शेजारच्या काकूजवळ बोलून गेले, तर तू मला फुंकणीने मारलंस. त्याआधी कधी मारलं नव्हतंस, नंतरही नाही. "उद्या तुमाले मांगनं कोन घालीन? कावीळ म्हन. कोनी इचारलं तं कावीळ!" तू गेलीस तेव्हा दारात आलेल्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं. धाकटी सहा वर्षांची होती. तिला तर तेच खरं वाटलं.

अजूनही वाटतं. पवनीकडे तिचं सासर. रोज सकाळी आरशात डोळे पिवळे झाले का बघते, भाजीत तेल थेंबभर घालते, दर उन्हाळ्यात पोरांना घेऊन काविळीचं झाडपाल्याचं औषध प्यायला जाते. सासरचे हसतात, तर म्हणते, "माही माय गेली ना त्यानं." चोर एका दाराने येतो आणि ही बिचारी भलत्याच दाराला कडी लावून बसली आहे. ती कडी मीच तिच्या हातात दिली.

मी ज्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, तिथे मागे या नर्सबाई आल्या होत्या. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी बोटांनी चाचपून बघा, म्हणाल्या. आणि गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नका, बहुतेकदा ती दुखतच नाही. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. घरी जाऊन चाचपलं, तर डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी लागली. मी लेपबिप काही केला नाही, दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. सुई टाकून तपासलं, तेच निघालं. "लवकर आलात, तेवढी गाठच काढू," डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या दिवशी नर्सबाईंनी विचारलं, "सोबत कोन हाय?" मी म्हटलं, "येऊन राहिले." शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी होती. तुझे थोरले जावई गेल्याला सात वर्षं झाली, आणि धाकटीला मी पित्ताचे खडे सांगितले होते. काय करू, खोटं बोलायची सवय जुनी.

त्या गाठीचा तुकडा आणि थोडं रक्त संशोधनासाठी ठेवू का, असं त्यांनी विचारलं होतं. मी आनंदाने सही केली. घरात कुणाला हा आजार होता का, याला मात्र तोंडातून आपोआप निघालं, "नाही. माय काविळीनं गेली." पुढे कुणा परक्या बाईला उपयोगी पडावं म्हणून मांस दिलं आणि त्याला खोटं चिकटवलं. पंधरा दिवस ते मला खात होतं. परवा जाऊन दुरुस्त करून आले. "सख्खी बहीण असंल तं तिले आधी घेऊन या," नर्सबाई म्हणाल्या. येत्या मंगळवारी तिची तपासणी ठरवून टाकली. माय, तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस, तेवढीच ती यंदा झाली आहे.

आज रविवार. सकाळी तिला फोन लावला. "बोल ना ताई," ती म्हणाली. मी तिच्या पोरीच्या लग्नाचं विचारलं, धानाचं विचारलं, आणि ठेवून दिला. मनाची समजूत घातली, की भाचीचं लग्न ठरतंय, तेवढं होऊ दे. अगदी तुझ्यासारखी.

पण लग्नाचं नुसतं निमित्त आहे, माय. खरं सांगितलं की ती विचारणार, "मंग इतके वर्सं मले काहून नाई सांगतलं?" तुझं खोटं मी तुझ्या मरणाआड लपवू शकते, माझं कुठे लपवू? रोज जेवलीस का म्हणून मला विचारणारी आता ती एकटीच आहे. ती जाऊ नये म्हणून तिला सांगायला हवं, आणि ती मला सोडून जाईल म्हणून मी सांगत नाही.