साडी ठेवली, कागद परत केला

ओमती, जबलपूर
१२ फेब्रुवारी १९६४

सौ. शकुस, तुला आणि पोटातल्या पाहुण्याला आशीर्वाद.

जखम भरली आहे, जेवण जातं. अक्षर वाकडं आहे, डावा हात नवशिका आहे. तू काहून रडून राहिली? तिकडे माहेरी मामंजींचा खोकला कसा आहे?

काल आरागिरणीचे मुनीमजी आले. तुझ्या डोहाळजेवणासाठी सेठजींनी साडी पाठवली. साडीच्या घडीत कागद होता, 'राजीखुशीने मिटलं, पुढे काही मागणी नाही.' ओसरीत ते सोबतच्या गड्याला काय म्हणाले ते मी आतून ऐकलंच होतं, "अर्जी लगने से पहले अंगूठा लगवा लो."

मी म्हटलं, "मुनीमजी, उजवा अंगठा तर तुमच्या आऱ्यानेच घेतला. डावा मी देत नाही." साडी ठेवली, कागद परत केला. भरपाई कायद्याने आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

नेपियर टाउनच्या वकिलांनी अर्ज लिहिताना विचारलं, या हाताने आता काय काय होत नाही? करवत, हातोडा, सदऱ्याची बटणं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाळाला उचलता येणार नाही, तेही लिहू?"

ते मी लिहू दिलं नाही. शेजारच्या लीलाबाईंची नात रोज डाव्या हातावर घेऊन शिकून राहिलो. अजून एकदाही पडली नाही.

तुझाच,
शालिग्राम