चाळीस गुणांचा हात

रविवार, २० नोव्हेंबर १९८३

प्रिय रेनिया,

पत्रावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच चुलीत घातलं नसशील, असं धरून लिहितो. तशी तू घालशील, तो स्वभावच आहे तुझा. पण निदान पाकीट जाड का आहे हे बघायला तरी उघडशील. लहानपणी नाताळच्या भेटी तूच आधी चाचपायचीस.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, स्टेडियमचे जिने आता मोजून चढतो. इथं दोनदा बर्फ पडून गेलं. परवा खाटकाकडे तुझ्या शेजारीण मिसेस हालास भेटल्या. म्हणाल्या, रेनियाच्या मागच्या दाराचा पन्हळ लोंबतोय. एरवी मी शिडी घेऊन आलोच असतो. चार वर्षं झाली, त्या दाराशी यायची मला परवानगी नाही, म्हणून फक्त कळवतो. पन्हळाला दोन खिळे पुरतील. हालासच्या मोठ्याला सांग, पण पुढारपण त्याच्या हाती देऊ नकोस, नाहीतर अख्खं छप्पर उतरवेल.

तुला बाबांची सवय आठवते ना? आयुष्यभर बेसबॉल क्लबसाठी खेळाडूंची पारख केली, पुढं मीही तीच नोकरी धरली, आणि घरात बसूनही तेच. वीसपासून ऐंशीपर्यंत गुण. पन्नास म्हणजे चारचौघांसारखा, साठ म्हणजे वरच्या टीमच्या कामाचा, चाळीस म्हणजे घरी जा बाळा. आईच्या कोबीच्या सुपाला सत्तर, फादरच्या प्रवचनाला पस्तीस. तू मला, भाऊ म्हणून, साठ. तू नॉर्बर्टला पहिल्यांदा घरी आणलंस तेव्हा मी टेबलाखालून तुला बोटांनी पंचेचाळीस दाखवले आणि तू मला डाव फेकून मारलास. कपाळावर अजून खूण आहे. नॉर्बर्टला ते कळलं कसं देव जाणे, पण वीस वर्षं तो मला विचारत राहिला, "काय काझ, अजून पंचेचाळीसच का?" मी म्हणायचो, "सेहेचाळीस. लग्न टिकवलंस म्हणून."

बघ, मी पाल्हाळ लावलं. मुद्द्यावर यायचं टाळतोय, हे तुझ्याही लक्षात आलं असेल.

ग्रेगबद्दल लिहायचंय.

एकोणऐंशीच्या एप्रिलमध्ये तू तुझ्या स्वयंपाकघरात मला काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. नॉर्बर्ट बाहेर खोकत होता. काच कारखान्याची धूळ तीस वर्षं छातीत साठली, आता डॉक्टरांनी उन्हाळा संपेपर्यंतचीच मुदत दिली होती. तू नळ सोडून ठेवलास, म्हणजे त्याला ऐकू जाऊ नये, आणि म्हणालीस, "काझ, तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. पोरगा इथंच गावच्या टीममध्ये खेळतोय. त्याला सप्टेंबरपर्यंत कुठं पाठवू देऊ नकोस. बापाला त्याला खेळताना बघू दे." मी म्हटलं, "एवढंच ना? समज झालं."

आणि मला वाटलं होतं, खरंच झालं.

बारा मेला मी ग्रेगला बघायला बसलो. नॉर्बर्ट तिसऱ्या बेसच्या मागे घडीच्या खुर्चीवर, मांडीवर घोंगडी. ग्रेगनं त्या दिवशी डाव्या हातानं असा चेंडू टाकला रेनिया, की समोरची पोरं बॅट फिरवायची आणि मग चेंडू गेला कुठं म्हणून मागे बघायची. माझ्या खिशातल्या वहीत मी लिहिलं: हात, साठ. दोन वर्षांत पासष्ट. भाचा म्हणून एक गुणही वाढवलेला नाही. ते पान फाडून या पत्राबरोबर ठेवलंय.

पण क्लबला जो रिपोर्ट टाइप करून पाठवला त्यात मी साठ लिहिले नाहीत. चाळीस लिहिले.

का, ते सांगतो. साठ लिहिले असते तर आठवड्याभरात बढती आली असती, सातशे मैल लांबच्या टीममध्ये. किंवा दुसऱ्या क्लबनं त्याला मागून घेतलं असतं. मी म्हटलं, चाळीसवाल्याकडे कोण बघतंय? राहील इथंच, बापाच्या डोळ्यांसमोर. सप्टेंबरात नवा रिपोर्ट, 'मुलानं कमालीची प्रगती केली' म्हणून साठ करून टाकू. सव्वीस वर्षांच्या नोकरीत लिहिलेला पहिला खोटा आकडा. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की येताना बेकरीतून जॅम भरलेले सहा डोनट घेतले. त्यातले दोन तूच खाल्लेस.

मग चौदा जून. क्लबांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. आमची टीम ज्यांच्या मालकीची, त्या वरच्या क्लबाचे मिस्टर प्रुइट स्वतः आले होते. दुपारी स्टेडियमच्या ऑफिसात आम्ही तिघं, प्रुइट, मी आणि आमचा दुसरा पारखी, म्हातारा ऑरव्हिल स्टॅम. हॅमची सँडविचं, बंद पडलेला पंखा. वरच्या टीमला हचिन्स नावाचा बॅटवाला हवा होता, वय तेहेतीस. समोरचा क्लब त्याच्या बदल्यात आमची दोन पोरं मागत होता.

"हचिन्सला दोन पोरं?" स्टॅम उसळला. "त्याचे गुडघे काझपेक्षा म्हातारे आहेत! एक पोरगा द्या आणि हात जोडा."

प्रुइट म्हणाला, "एकावर तयार नाहीत. मेंडोझा तर हवाच आहे त्यांना. वर कुणीतरी एक टाका म्हणतात. तो डावखुरा चालेल म्हणतात."

मी हातातलं सँडविच खाली ठेवलं.

खाटीक मटणावर सुपासाठी एक हाड फुकट टाकतो ना, तसा ग्रेग. त्यांचा पारखी बेरकी असणार. त्यानं ग्रेगला बघितलं होतं आणि आमच्याकडे तो कवडीमोल आहे हेही त्याला कुठून तरी समजलं होतं. महाग पोराला क्लब जपतो, स्वस्त पोराला वाटून टाकतो. एवढी साधी गोष्ट मला कळू नये? आयुष्यभर दुसरं केलं काय मी?

स्टॅम बिचारा भांडला. तो, मी नाही. टेबलावर हात आपटून म्हणाला, "त्या पोराला मी मे महिन्यात बघितलंय. चाळीस? कुठल्या आंधळ्यानं लिहिलं? पंचावन्नच्या खाली असेल तर मी माझी टोपी खाईन!"

प्रुइटनं रिपोर्ट उलटला, खालची सही बघितली आणि हसला. "आंधळा इथंच बसलाय. काझ, भाचा ना हा तुझा?"

मी मान हलवली.

"बघ स्टॅम. मामा लोक काय करतात? पन्नासचे साठ करतात. हा सख्खा मामा चाळीस म्हणतोय, म्हणजे पोरगा तीस गुणांचाच असणार! अशी प्रामाणिक माणसं राहिली नाहीत राव." आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "काझ, तुझा शब्द शेवटचा. देऊ ना?"

रेनिया, मला एकच वाक्य बोलायचं होतं. 'मी खोटं लिहिलंय.' बस, एवढंच. नोकरी गेली असती. पेन्शनला पाच वर्षं उरली होती. बाबांचं नाव, माझं नाव, सगळं गेलं असतं. पण पोरगा राहिला असता. स्टॅम माझ्याकडे बघत होता. मी सँडविचचा कागद नीट घडी घालत बसलो आणि म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल तसं."

संध्याकाळी तुझ्याकडे येऊन मी काय सांगितलं? 'खूप भांडलो गं, ऐकलं नाही त्यांनी.' तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, तू तरी काय करणार. त्या हाताची मला आजही शरम वाटते.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ग्रेग त्या क्लबाकडे, टेक्ससला गेला. जुलैत मी नॉर्बर्टजवळ बसलो होतो, तू औषध आणायला गेली होतीस. त्यानं विचारलं, "खरं सांग काझ, पोराचा हात किती?" मी म्हटलं, "साठ. उद्या पासष्ट." केवढा आनंद झाला त्याला! खोकत खोकत हसला. मग थांबून म्हणाला, "मग फुकट कसा दिलात रे?" मी म्हटलं, खिडकीचा पडदा ओढतो, ऊन फार आलंय. तो समजला की नाही, मला माहीत नाही. नंतर त्यानं विचारलं नाही.

ऑगस्टात टीमची बस कुठल्या तरी वाळवंटात होती, तार दोन दिवस हिंडत राहिली, आणि ग्रेग पोचला तेव्हा कबरीवरची फुलंसुद्धा सुकली होती. तू तिथं सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "त्या टेबलाशी तू बसला होतास ना? मग माझ्या दाराशी यायचं नाही." तुला वाटत होतं मी कमी भांडलो. खरं कळलं असतं तर तू नुसतं दार बंद करून थांबली नसतीस.

हे सगळं मी माझ्याबरोबर कबरीत नेणार होतो. खोटं कशाला बोलू? पण गेल्या महिन्यात ग्रेग आला.

टेक्ससवाल्यांनी त्याला वसंतात सोडलं, कोपराची शस्त्रक्रिया झाली, आता टायरच्या दुकानात आहे, हे तू जाणतेसच. तुला न सांगता तो ऑक्टोबरात आमच्या क्लबच्या चाचणीला आला. मोकळ्या झालेल्या पोरांना एक दिवस बोलावतो आम्ही, त्यात. मी जाळीमागे वही घेऊन बसलेलो. त्यानं वीस चेंडू टाकले. प्रत्येक चेंडूनंतर हात मांडीला घासत होता, दुखतंय हे कुणाला दिसू नये म्हणून. मला दिसलं.

नंतर माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, "मामा, तुमच्यावर राग नाही. टेक्ससला गेल्यावर तिथल्या कोचनं मला तुमचा रिपोर्ट दाखवला होता. चाळीस. आईला नाही सांगितलं, तिला वाईट वाटलं असतं. मी म्हटलं, काझ मामा कधी चुकत नाही. मामानं चाळीस म्हटलं म्हणजे हात चाळीसचाच. मग उरलेले वीस मेहनतीनं भरून काढायचे. म्हणून रोज टाकत राहिलो. सुट्टीच्या दिवशीही, दुखलं तरीही." मग हसला, नॉर्बर्टसारखाच. "आज किती, मामा?"

मी म्हटलं, "अजून लिहिलं नाही." वही मांडीवर उपडी घातली होती. लिहिलं होतं.

त्याला पाच आठवडे झाले. मला झोप नाही, जेवण जात नाही. मनात एकच घोळतंय. सांगितलं नाही, तर पोरगा जन्मभर समजणार की आपण मुळातच कच्चे होतो. सांगितलं, तर त्याला कळणार की आपल्याकडे सोनं होतं आणि मामाच्या एका खोट्या आकड्याला खरं मानून आपण ते मातीत घातलं. दोन्हीत पोरगाच मरतो. मी म्हटलं तुला विचारावं. मग लाज वाटली, की आता हेही ओझं तुझ्याच डोक्यावर देतोस का रे, गाढवा?

तर ठरवलंय. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. बुधवारी दुपारी मी टायरच्या दुकानात जाणार आणि त्याला सगळं सांगणार. त्याच्या आधी तुला कळावं, त्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हा खटाटोप. प्रुइटलाही काल लिहिलं, नोकरीत पहिल्यांदा खोटं कुठं लिहिलं ते. तो काय करायचं ते करो.

बारा मेचं पान तुझ्यापाशी ठेव. ग्रेगनं मागितलं तर त्याला दे. त्याच्या बापाला मी सांगितलेलं खरं होतं, एवढं तरी त्याला लेखी असू दे.

आणि ऑक्टोबरातला माझा रिपोर्ट तू विचारशील म्हणून सांगतो. तीनदा फाडला, तीनदा लिहिला. भाचा आहे म्हणून एक गुण वाढवला नाही, एक कमी केला नाही. हात: चाळीस. यंदा आकडा खरा आहे, रेनिया. मी तो खरा करून ठेवलाय.

दर नाताळला मी तुला चर्चमधला ओप्लातेक, तो मोडून वाटून खायचा पातळ पापुद्रा, पाठवतो, आणि दरवर्षी तो न मोडता, न खाता, त्याच पाकिटातून परत येतो. चार आहेत माझ्या खणात. या वर्षी मी पाठवणार नाही. एक तुकडा तू मोडायचा, एक मी, आणि मागचं सगळं माफ, असं म्हणायचं तोंड मला नाही. कधी तुलाच वाटलं तर तू पाठव. नाही वाटलं तरी पन्हळाला खिळे मार, बर्फाच्या ओझ्यानं पडेल.

तुझा भाऊ, ज्याला तू उगाच साठ दिले होतेस,

काझ