बावीस पौंड हवा

३ जानेवारी १९५५, सोमवार

हरिश्चंद्र वकील घरी आले. जिमखान्याची मोटारींची स्पर्धा सव्वीस तारखेला, गावाबाहेरच्या सड्यावर, मोकळ्या कातळावर. डांबराची रिकामी पिंपं मांडायची, त्यांच्यामधून गाडी वळवत न्यायची, घड्याळ लावून. पिंप पडलं की पाच सेकंद दंड. अर्ज अकबरने ऑक्टोबरातच भरलेला.

"धाकट्या भावाचं नाव खोडू ना, हुसेनभाई?"

मी म्हटलं, तिथे माझं लिहा.

का म्हटलं, माहीत नाही. अकबर जाऊन आज बावन्न दिवस.

४ जानेवारी

फरीदाला सांगावं लागलं. अकबरची बायको. नवऱ्यामागची इद्दत पाळतेय, दाराआडूनच बोलते. म्हणाली, "हवा नीट बघून घ्या, भाई. त्या दिवशी टायरानेच घात केला."

सगळं गाव हेच म्हणतं. टायरांत हवा कमी, गाडी वळणावर घसरली, दगडी गडग्यावर आदळली — अकबरच्या बाजूने. मी दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा जो तो हेच बोलत होता. गाडी मी चालवत होतो; मीही पोलिसांना तेच लिहून दिलं. वेग पंचवीस मैल. भागोजी मेस्त्रीने दुसऱ्या दिवशी चारही चाकं मोजली — बावीस पौंड. गाडीच्या पुस्तकात सव्वीस आहे.

जेवलो. काय होतं ताटात, आठवत नाही.

९ जानेवारी, रविवार

सकाळी सड्यावर. भागोजी आला होता — गाडी दुरुस्त केली तीही त्यानेच. चार पिंपं मांडली. पायपंप, हवा मोजायची नळी, खडू.

खडू कशाला, तर त्याची युक्ती. टायराच्या कडेवरून खाली कुशीपर्यंत, म्हणजे बाजूच्या भिंतीपर्यंत, रेघ ओढायची. वळणं घेऊन आलं की बघायचं, रेघ कुठवर पुसली. सव्वीस पौंडांवर थेट कुशीवरच्या अक्षरांपर्यंत गेली! म्हणजे टायर वळणावर आडवा होतोय, कुशीवर चालतोय. हवा कमी.

मग छत्तीस भरले. रेघ जशीच्या तशी. पण कातळावर बारीक खडी पसरलेली, तिच्यावर गाडी नुसती सरकत गेली. धाड धाड दोन पिंपं.

"जीव घेता काय, भाई!" भागोजी ओरडला.

मग पिंपं उभी करताना माझ्याकडे बघितलं नाही त्याने. मला काही वाटलं नव्हतं.

१३ जानेवारी

बोट उशिरा आली. बंदरावरून गाडीने उतारूंच्या दोन खेपा. बाकी काही नाही.

१६ जानेवारी, रविवार

गार टायरांत तीस भरले. पाच फेऱ्यांनंतर मोजले तर तेहेतीस! हवा तापते, फुगते. म्हणजे गार असतानाच कमी भरायची. भागोजी म्हणाला, पुढच्या चाकांवर इंजिनाचं ओझं, वळवायचं कामही त्यांचंच, त्यांना जास्त द्या. पुढे एकतीस, मागे अठ्ठावीस. निघालो.

रेघ बरोबर कडेपाशी पुसली. एकही पिंप हललं नाही. बावन्न सेकंद!

भागोजीने टोपी हवेत उडवली. "हां, आता बसली मांड!"

मलाही आनंद व्हायला हवा होता. मी पंप आवरला.

२० जानेवारी

साबेरा भाकऱ्या करता करता म्हणाली, "दोन महिने झाले. बायको आहे तुमची, मला दिसतं. तुम्ही रडला नाहीत अजून."

मी म्हटलं, मागच्या डाव्या चाकाची हवा उतरतेय, बघायला हवी.

२३ जानेवारी, रविवार

आज भागोजीला सांगितलं नाही. एकटाच गेलो.

चारही चाकांतली हवा सोडली. बावीसवर आणली. दोन पिंपं लावून त्या दिवशीचं वळण मांडलं. पावलं टाकून मोजून, तेवढंच आवळ. पंचवीस मैलांनी शिरलो.

टायर कण्हले. गाडी वळली.

परत. वळली. पाच वेळा गेलो, पाचही वेळा वळली. तीस मैल — तरी वळली! रेघा पार पुसल्या, पण गाडी घसरली नाही.

मग चाळीस. मागची बाजू सुटली, गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी राहिली. तांबडी धूळ. इंजिन बंद. बसून राहिलो.

लिहूनच टाकतो. त्या दिवशी वेगाचा काटा चाळिसावर होता. मला हे कळायला सड्यावर जायची गरज नव्हती. पहिल्यापासून आठवतंय.

वाटेत अकबर हसत म्हणाला होता, "स्पर्धेत गाडी मीच चालवणार. तुला वळणं जमत नाहीत, भाई." एवढंच. मला झोंबलं. म्हटलं, दाखवतोच. तो म्हणाला, "भाई, हळू." मी पाय काढला नाही. पुन्हा म्हणाला, "हळू." तेव्हा वळण समोरच होतं.

हवा कमी होती हे खरं. हवेने मारलं हे खोटं.

२६ जानेवारी, बुधवार

झेंडावंदनानंतर स्पर्धा. सात गाड्या. पुढे एकतीस, मागे अठ्ठावीस. एकोणपन्नास सेकंद, दंड नाही. दुसरा नंबर. वकिलांनी भोंग्यातून सांगितलं, हे यश कैलासवासी — मग सुधारून — मरहूम अकबरचं. खूप टाळ्या. लोक पाठीवर हात ठेवत होते. मी कप धरून उभा होतो. जड होता, एवढं कळलं.

उद्या फरीदाला सांगणार.

२७ जानेवारी

सांगितलं. दाराशी खाली बसून, सगळं. चाळीस मैल. अकबर काय म्हणाला. मी काय केलं.

ती आतून म्हणाली, "मला ठाऊक आहे, भाई. दवाखान्यात त्यांना घडीभर शुद्ध आली होती. तुम्ही बेशुद्ध होता. त्यांनीच सांगितलं मला — कोणी विचारलं तर टायरांत हवा कमी होती म्हण. भाईलाही तेच सांग."