दाताची जुनी जागा

आई,
पुण्याहून तुले अन् बाबाले जयभीम.

दाताले तार बसवली, तू घोर करू नको. दर महिन्याले डॉक्टरीनबाई तार जराशी ताणते. त्या ओढीनं एका अंगाचं हाड झिजते, दुसऱ्या अंगानं नवं भरते, अन् दात हळूहळू सरकते. दोन दिवस ठणकते, मंग काही नाई.

तुह्या बाजरीच्या खारोड्या संपल्या. कडक चावाले मना हाय, म्हणून गालात धरून भिजवल्या. एक खारोडी अर्धा तास पुरे.

बाबाचा गुडघा कसा हाय? आपल्या गावाले, रिठदले, थंडी पडली का?

बाई म्हणे, तार काढल्यावरबी दात जुन्या जागी पळू पाह्यते, त्याईले धरून ठेवा लागते. मी म्हटलं, बाई, त्याईले घराची याद येत असन.

तुहा,
उत्कर्ष